मग दोघं खाली आलो

१

मी लोकांना गाडी शिकवते. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्यामुळे माझा स्वभाव असा झाला, की स्वभाव असा होता म्हणून मी हा धंदा धरला, हे आमच्या घरात अजून ठरायचं आहे. शिकवताना आमची एक भाषा असते. "क्लच दाबला. पहिला टाकला. हळूच सोडला. सुटली गाडी." गाडी जागची हललेली नसते, शिकणारा घामाघूम झालेला असतो आणि मी मात्र सगळं होऊन गेल्यासारखं सांगत असते. आपण पुढचं बोलतोच असं. उद्याचा दिवस आखायचा तर 'उठलो, आवरलं, निघालो, पोचलो' करत अंथरुणातून न उठता संध्याकाळपर्यंत जाऊन येतो. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

आमचे हे भूगोलाचे मास्तर. निवृत्त झाले तरी मास्तरच, मीसुद्धा त्यांना मास्तरच म्हणते. मुलाने परदेशी बोलावलं, तिकिटं काढून दिली, आणि दोन विमानांच्या मध्ये आखातातल्या त्या श्रीमंत शहरात आम्हाला एक अख्खा दिवस मिळाला. सकाळी उतरायचं, रात्री पुढे उडायचं. मास्तरांना काय, आयतं कोलीत! जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो उचलायचं नाव नाही. मी ताट मांडायची ते समुद्रावर.

तिसरी माझी धाकटी बहीण. आम्ही सगळे तिला धाकटीच म्हणतो. तिचा नवरा त्याच शहरात लिफ्टचा मेकॅनिक होता. मास्तरांनी लग्नातच त्याला 'साडूशेठ' अशी हाक मारली आणि पुढे तो सगळ्यांचाच साडूशेठ झाला. सुट्टीवर यायचा, परत जायचा. दीड वर्षापूर्वी तिथेच, खोलीवर, झोपेत गेला. तेव्हापासून धाकटी आमच्याकडे आहे. जेवते, भांडी लावते, विचारलं तर हो-नाही म्हणते. रडली मात्र नाही. एकदाही नाही. मला त्याचीच धास्ती होती. बाई हळूहळू आमच्यातून उठून चालल्यासारखी दिसायची, आणि तिला धरावं कुठे ते मला कळत नव्हतं.

त्या शहराचं नाव निघालं तेव्हा तिने ताटातून मान वर केली. "मला त्याची लिफ्ट बघायची आहे," ती म्हणाली. मला तर नाचावंसं वाटलं.

२

साडूशेठची लिफ्ट म्हणजे तिथल्या एका भल्या उंच टॉवरची. अगदी वर काचेची गच्ची, सगळं शहर पायाखाली. मास्तरांनी दिवसाच्या मधोमध तो टॉवर बसवला आणि जेवणं झाल्यावर चष्मा पुसून आम्हाला दिवस ऐकवला.

"उतरलो. सामान ठेवलं. गाडी केली. आधी जुना बाजार बघितला, उन्हाच्या आत. मग समुद्राकाठी थोडं चाललो."

"थोडं म्हणजे?" मी विचारलं. यांचं थोडं मला माहीत आहे.

"थोडं म्हणजे थोडं. मग टॉवर. लिफ्टने वर गेलो. शहर बघितलं. मग दोघं खाली आलो. जेवलो. मग संग्रहालय…"

"दोघं?"

"काय दोघं?"

"दोघं खाली आलो म्हणालात."

"तिघं म्हटलं मी. कान तपासून घे."

मी धाकटीकडे बघितलं. ती नकाशाची वर आलेली कड बोटाने दाबून बसवत होती. मास्तर बोलता बोलता गडबडतात, यात नवीन काही नाही. परीक्षेचा पेपर मी यांच्याकडून कधी तपासून घेतला नसता. मी हसले आणि टेबल पुसायला घेतलं.

३

पण मास्तर ते रोज सांगायला लागले. रोज काहीतरी हलवायचे, बाजार मागे, समुद्र पुढे. टॉवर मात्र जागचा हलेना. आणि त्याच्याभोवती बारीकसारीक गोष्टी जमायला लागल्या.

"लिफ्टमध्ये कानात दडे बसले, आवंढा गिळला. वर गेलो. बघितलं. तू आणि मी खाली आलो, आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. पुढच्या दारात फार गर्दी होती."

"अहो, तुम्हाला मागचं दार कुठून माहीत?"

"नकाशात असेल."

मी नकाशावर वाकून बघितलं. टॉवर म्हणजे एक टिंब होतं. टिंबाला कसलं आलंय मागचं दार?

"असं कसं," मास्तर म्हणाले आणि खरंच बुचकळ्यात पडले. "वाचलं असेल कुठेतरी. तिथे जिन्याखाली एक बादली ठेवलेली असते. गळतं वरून."

मी मनाची समजूत घातली. साडूशेठ सुट्टीवर आला की तासन् तास त्या टॉवरबद्दल बोलायचा, तेव्हा ऐकलेलं यांच्या डोक्यात राहिलं असेल. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात काय काय साठतं, आणि भलत्या वेळी बाहेर येतं. आणि 'दोघं' म्हणजे जन्मभराची सवय. लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच तर खाली-वर करतोय.

एवढं सगळं पटवून घेतल्यावरही मी विचारलंच, "आणि धाकटी?"

"धाकटी काय?"

"ती कुठे होती, आपण खाली आलो तेव्हा?"

 मास्तर फार सावकाश म्हणाले, "ती वर थांबली होती ना."

लगेच त्यांनी मान झटकली आणि विचारलं, "काय म्हणत होतो मी?" धाकटी समोरच होती. दीड वर्षात पहिल्यांदा तिच्या गालावर थोडा रंग दिसला. ज्या रंगासाठी मी जीव टाकत होते, तो बघून मला थंडी वाजली.

४

दुसऱ्या दिवशी दोन शिकवण्यांच्या मध्ये, गाडी कडेला लावून, मी तिकीटवालीला फोन केला. हिच्याकडूनच आम्ही तिथली गाडी आणि टॉवरचा पास घेतला होता. गोड बोलणारी पोरगी, पण घाईची.

"सगळं झालंय काकू. सकाळी उतरलात, ड्रायव्हर पाटी घेऊन उभा. बाजार केलात. दुपारी टॉवर, तिघांचा पास. संध्याकाळी तिथून गाडी, दोघांची."

मी गाडीतच होते. पाय आपोआप ब्रेकवर गेला. "दोघांची का?"

"तुमच्याच घरून फोन होता ना. तिसऱ्या बाई तिथेच थांबणार आहेत. त्यांचे मिस्टर न्यायला येणार म्हणाले."

"कोण म्हणाले?"

"एक गृहस्थ होते. आवाज लांबून येत होता, खरखर होती. तुम्हाला ताई म्हणत होते. 'ताईंना सांगू नका, त्या रागावतात,' असं हसून म्हणाले."

मास्तर मला ताई म्हणत नाहीत. जगात मला ताई म्हणणारी दोनच माणसं होती.

"परत एकदा बघ," मी म्हटलं. कीबोर्ड बडवल्याचा आवाज आला. "थांबा हं काकू… अय्या, इथे तर तसं काहीच नाहीये. तिघांचीच गाडी आहे. दुसऱ्या कोणाचं तरी तुम्हाला सांगितलं बहुतेक. सॉरी हं, आज सकाळपासून नुसता गोंधळ चाललाय."

असेल, दुसऱ्या कोणाचं असेल. कितीतरी बायकांचे नवरे तिथे असतात, आणि कितीतरी बायकांना कोणीतरी ताई म्हणतं. हे मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. तेवढ्यात माझी शिकाऊ मुलगी दार उघडून आत बसली आणि कोणाशी बोलताय म्हणून विचारायला लागली. त्या दिवशी मी तिच्यावर विनाकारण खेकसले.

५

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तर बँकेत गेले होते. मी बॅगांची कुलपं शोधत होते, आणि धाकटीच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. हळू, मध्ये मध्ये थांबत, फोनवर बोलतात तसं.

"हं… मग? … मग मी वर आले. … हो, तोच निळा. … आणि ताई? … हं. भाऊजीपण? … बरं. … नाही रे, नाही घाबरत."

तिचा फोन बाहेर, माझ्या हाताशी, चार्जिंगला लावलेला होता.

मी दार ढकललं. धाकटी पलंगाच्या कडेवर बसली होती. समोर खुर्ची ओढून घेतलेली, तिच्याकडे तोंड करून, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तिच्या अंगावर निळा ड्रेस होता. खुर्ची रिकामी होती, हे मी आधीच सांगून टाकते. मी नीट बघितलं.

"कोणाशी बोलतेस?"

"पाठ करत होते," ती म्हणाली.

मी तिची बॅग उघडली. मुलाकडे कडाक्याची थंडी. मी तिच्यासाठी घेतलेला जाड कोट, मोजे, लोकरीची टोपी, सगळं कपाटात परत गेलं होतं. बॅगेत एका दिवसाचे कपडे होते, आणि कंगवा.

 मी तिथेच पलंगावर तिच्याशेजारी बसले.

"धाकटे, काय चाललंय तुझं?"

ती शांतपणे सांगायला लागली. साडूशेठ फोनवर रोज तिला हा दिवस सांगायचा. लग्न झाल्यापासून रोज. 'तू उतरलीस. मी दारात उभा होतो. तुला लिफ्टने वर नेलं. तुला सगळं दाखवलं. मग आपण खाली आलो, जेवलो.' दरवर्षी पैसे कमी पडायचे नाहीतर रजा. दिवस तसाच राहून गेला.

"आता परत सांगतो," ती म्हणाली. "फक्त शेवट बदललाय त्याने. आता मी खाली येत नाही."

"मग तू नाही म्हण ना त्याला!"

तिने माझ्याकडे लहानपणी बघायची तसं बघितलं. "मला नाही जमत गं. तू सांग ना. तुझं ऐकायचा तो."

६

हे मात्र खरं होतं. साडूशेठला गाडी मीच शिकवली. त्यातच तुम्हीचा तू झाला. कोणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस माझ्यासमोर मात्र मुकाट्याने आरसा बघून वळायचा.

वेड्यासारखं वाटत होतं. भर दुपारी, खिडकीबाहेर कोणीतरी गालिचा झटकत असताना, मी रिकाम्या खुर्चीशी बोलणार! पण बहिणीचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडला होता. मी धाकटीला बाजूला सरकवलं आणि खुर्चीसमोर मी बसले.

"साडूशेठ, ऐक. मी सांगते आता. मध्ये बोलायचं नाही. उतरलो. सामान ठेवलं. बाजार बघितला. टॉवरला आलो. लिफ्टमध्ये शिरलो…"

आणि माझ्या कानात दडे बसले.

आमचं घर बैठं आहे. वर मजला नाही, लिफ्टचा तर प्रश्नच नाही. पण कपाटामागच्या भिंतीतून एक बारीक घरघर वर वर जायला लागली. बाहेरचा गालिचा झटकल्याचा आवाज बंद झाला. पोटात खड्डा पडला, वर जाताना पडतो तसा. मी आवंढा गिळला. धाकटीने डोळे मिटले होते आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

"वर गेलो. बघितलं. मग तिघं…"

"दोघं," धाकटीचे ओठ म्हणाले. आवाज तिचाच होता, पण शब्द घरंगळत लांबून आल्यासारखा.

"तिघं!" मी ओरडले. "तिघं खाली आलो. कळलं? जन्मभर बाईला वाट बघायला लावलीस. बघितली तिने. कधी तोंडातून ब्र काढला नाही. आता तू बघ वाट. मला नाही द्यायची ती. तुझी बायको असेल, माझी बहीण आहे, तुझ्या आधीपासून आहे! एकटीच आहे ती मला. काय समजलास काय तू?"

मग मला रडू कोसळलं. रागवताना मला रडू येतं, ही माझी जुनी खोड आहे. रडता रडता मी 'प्लीज' म्हटलं. साडूशेठला मी आयुष्यात कधी प्लीज म्हटलं नव्हतं.

घरघर थांबली. किती वेळ थांबली ते मला सांगता येणार नाही. मग ती खाली खाली जात विरली, माझे कान फट्कन मोकळे झाले आणि बाहेर गालिचाचे फटके ऐकू आले. धाकटीने उठून कपाटातला कोट काढला, बॅगेत ठेवला.  मास्तर आले आणि माझे लाल डोळे बघून त्यांना वाटलं, पासपोर्ट हरवला.

७

टॉवरला जायचं नाही असं मी विमानात तीनदा ठरवलं. पण धाकटी म्हणाली, "ती लिफ्ट आज बघितली नाही तर मला रोज बघावी लागेल." मग गेलो.

मी तिचं मनगट धरलं ते धरलंच. बाजारात धरलं, समुद्राकाठी धरलं. वर जाताना लिफ्ट माणसांनी गच्च भरलेली, सगळे आवंढे गिळतायत, काही झालं नाही. वर लख्ख ऊन. काचेपलीकडे शहर इतकं खाली की त्यात माणसं राहतात हे खरं वाटेना. मास्तर उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे ते कोणी न विचारता सांगत होते. धाकटी काचेला कपाळ टेकून उभी होती. मी तिचं मनगट नाडी मोजल्यासारखं धरून होते.

मग परतायची रांग. आमच्या पुढची माणसं गेली. पुन्हा दार उघडलं. आत चार-पाच जण होते, कोपऱ्यात बटणांपाशी कामाच्या शर्टातला एक माणूस पाठ करून उभा. मास्तर आत पाऊल टाकणार, तेवढ्यात त्या माणसाने न वळताच हात वर केला. दोन बोटं.

दोघं या.

इतकी वर्षं शिकाऊ लोकांच्या डाव्या बाजूला बसून मी माणसं चेहऱ्याने कमी आणि डाव्या कानाने जास्त ओळखते. तो कान मी ओळखला. पाळीला जराशी चीर असलेला, वळण चुकलं की लाल होणारा.

मी धाकटीच्या पुढे जाऊन उभी राहिले, आडवी. मी काही उंच नाही, पण रुंद आहे.

"आम्ही तिघं आहोत," मी मराठीतच म्हटलं, ठणठणीत आवाजात. रांगेतले लोक बघायला लागले. "तिघं जाऊ. नाहीतर पुढच्या लिफ्टने जाऊ."

तो हात तसाच वर होता.  मग बोटं मिटली, आणि हात खाली आला. मला शिक्षा झालेल्या मुलाची आठवण झाली आणि क्षणभर त्याची कणव आली. दार मिटलं.

"अगं, त्यात भरपूर जागा होती की!" मास्तर म्हणाले.

पुढची लिफ्ट लगेच आली. रिकामी. आधी धाकटीला आत घातलं, मग मास्तरांना, आणि मी शेवटी शिरले. ती कुठेही न थांबता आम्हाला खाली घेऊन आली.

८

खाली थंडगार संगमरवर, कारंजं, माणसांची ये-जा.  आता जेवू, असं मास्तर म्हणाले, आणि मला कडकडून भूक लागली असल्याचं कळलं. पण धाकटी चालेना. ती कारंज्याच्या कठड्यावर बसली.

"ताई, वर मी त्याला हाक मारली गं," ती म्हणाली. "तू हात धरला होतास ना, तेव्हाच. काचेला तोंड लावून. नावाने मारली."

"मग?" मी विचारलं.

"त्याने ओ दिली नाही. परत मारली, तरी नाही. मला वाटलं होतं, असेल. मागे वळले तर नुसते लोक." तिने माझ्याकडे बघितलं. दीड वर्षं आम्ही सगळे तिच्यासमोर 'गेला' म्हणत होतो, आणि तीही 'गेला' म्हणायची, कामावर गेल्यासारखं. "ताई, तो मेला गं. तो मेला."

आणि ती रडली. भर दिवसा, त्या चकचकीत जागेत, गळा काढून, आजूबाजूची माणसं थबकेपर्यंत. मास्तर पाणी आणायला धावले. मी तिला छातीशी ओढलं. माझा ड्रेस खांद्यावर भिजला, आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ही बाई हसतेय.

"तू बघितलंस ना गं?" हुंदक्यांमधून तिने विचारलं. "कोणी नव्हतं ना?"

"नीट बघितलं मी," मी म्हटलं. "कोणी नव्हतं."